आधी बसतील त्या पन्नास

४ मार्च
लागले एकदाची कामाला. साठी उलटल्यावर नोकरी म्हटल्यावर लेक फोनवर हसली. आई, तुला कोण ठेवणार, म्हणाली. म्हटलं, डास ठेवणार. काम सोपं. जाळीच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घालून पंधरा मिनिटं बसायचं. डास हिवतापाचे, पण हे निरोगी. रोग दिलेले मागच्या बंद खोलीत, दोन दारांपलीकडे. इथल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना पिशवीतलं रक्त चालत नाही. नखरे बघा मेल्यांचे! राहायला वरच्या मजल्यावर खोली, खिडकीला नवी जाळी. ऑक्टोबरच्या सुट्टीत लेक नातीला घेऊन येणार आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली. पलंग तिघींना पुरेल का, वितीने मोजून पाहिलं. आडवं झोपलं तर पुरेल.

११ मार्च
चावतात त्या माद्या. अंड्यांसाठी रक्त लागतं. नर बापडा गोड पाणी पितो नि चार दिवसांत जातो. आमचे हेही तसेच, फक्त यांनी वेळ जास्त घेतला. खोलीत दिवसा अंधार करतात, रात्री दिवे लावतात, म्हणजे डास आमच्या वेळेला जेवतात. हाताला साबण लावायचा नाही. आम्ही तिघी बायका आळीपाळीने बसतो. एकाच हाताची चटक लागू द्यायची नाही, असा नियम.

२ एप्रिल
एकीच्या अंगावर गांधी उठल्या, दुसरीला मुलगा घेऊन गेला. बाईंनी विचारलं, तिघींच्या पाळ्या तुम्ही कराल का? म्हटलं, करते, मला कुठे जायचंय. बाईंना चपळ वाण हवं आहे. म्हणून हातावर आधी बसतील त्या पन्नास मी नळीने ओढून वेगळ्या काढते, नि त्यांचीच अंडी वाढवतात. रोगाच्या खोलीतही याच वाणाच्या जातात. हात माझा, शाबासकी बाईंची. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

१९ जून
चौथी पिढी. हात आत गेला की दोन मिनिटांत काळा होतो. मी बोलते त्यांच्याशी. कुणीतरी आपली वाट बघतंय हे काही वाईट नाही. लेकीचा महिनाभर फोन नाही. कामात असेल. असू दे.

८ ऑगस्ट
सहावी पिढी. मी डावीकडे सरकले की साऱ्या डावीकडच्या जाळीला. उजवीकडे गेले की उजवीकडे. बाईंना हसत दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा हात आत घातला. अर्धा तास. एकसुद्धा बसली नाही.

२० सप्टेंबर
लेकीने नातीचा फ्रॉक पाठवला, कंबरेत उसवून सैल कर म्हणून. वापरलेला, न धुतलेला. बाईंनी तो मागून घेतला नि पिंजऱ्याला टेकवला. सगळ्या तिकडे गेल्या. फ्रॉकचा रंग दिसेना.
बाई खाली बघत म्हणाल्या, चूक माझी. अंगाचा वास आईकडून लेकीकडे उतरतो, आवड डासांकडून डासांकडे. तुमचा वास आवडणाऱ्या तेवढ्याच आपण राखत गेलो. उद्या सगळे पिंजरे बर्फाच्या कपाटात ठेवून मारायचे ठरलं.

२१ सप्टेंबर
मागच्या खोलीतला एक पिंजरा रिकामा. शिवण उसवली होती, माझ्या खोलीकडच्याच अंगाला. चाळीस होत्या, छताजवळच्या झरोक्यातून बाहेर गेल्या. नऊ दिवसांपूर्वी रोग दिलेल्या. बाई म्हणतात, आणखी चार-पाच दिवसांत रोग सोंडेत येतो, मग चावा वाईट. नि प्रयोगाला हिवतापाचा प्रकारच असा निवडलाय की औषधाला लवकर दाद देत नाही. मोठं माणूस निभावेल. लहान मूल —

२३ सप्टेंबर
खिडकीच्या जाळीवर बसल्या आहेत, बाहेरून. तोंडं माझ्याकडे. बाई म्हणतात, तुम्ही इथेच राहा, तुमच्या ओढीने येतील नि आम्ही पकडू. म्हणजे मी आमिष. बारा पकडल्या. अठ्ठावीस उरल्या.
लेकीला फोन केला, येऊ नकोस. डासांचं सांगितलं, तर म्हणाली, तुला आम्ही नकोच आहोत, कारणं कशाला देतेस? मग मीही बोलले नको ते. म्हटलं, नकोच आहात. फोन आपटला तिने. बरं झालं.

२७ सप्टेंबर
रडू येत नाही. झोपही नाही. जाळीवर अठ्ठावीस. हलत नाहीत; पकडायची नळी जवळ आली की तेवढ्या उडतात नि परत येऊन बसतात.

२९ सप्टेंबर
सकाळी आठ. डास पकडायला बाईंचं माणूस दहाला येतं.
लेकीचा निरोप आलाय. रागावून चैन पडेना, म्हणते. नातीला घेऊन पहाटेच निघाली. फोन लागत नाही —

पावणेनऊ. जाळीवर एकही नाही.
खाली गाडी थांबली. नातीचा आवाज. आजी, आजी. फाटकाजवळ हवेत बारीक काळं काहीतरी —
ओरडले, गाडीत बसा. जोरात हात हलवतेय कार्टी. तिला वाटलं, आजी बोलावते.

खिडकीची जाळी कात्रीने फाडली. डावा हात बाहेर, उजव्याने लिहिते. या गं बयांनो. नेहमीचा हात आहे.
वळल्या.
सहा. अकरा.
उठवायच्या नाहीत. पोट भरलं की दोन दिवस कुणाला शिवत नाहीत.
एकोणीस. तेवीस —
पंचवीस — जिन्यात पळणारी पावलं — वर नको येऊ गं, दार उघडू नको —
सव्वीस
सत्तावी—