पेन्शनच्या रांगेत बाई काऊन नाही

अहो गोदीचे बापू,

भाकरी टोपल्यात आहे. काढा पिऊनच ठाण्यावर जा. मी सकाळच्या मोटारीनं बुलढाण्याले जाऊन राह्यले.

पेन्शन आत्ता कमी घ्यावी, का अजून दोन वर्सं हवालदारी ओढून पुरी घ्यावी, हे तुम्ही ठाण्यातल्या हबीबभाईसंगं रोज बोलता. मले कोणी विचारत नाही. पण तहसिलीत पेन्शनवाल्यांची रांग मी पाहिली. सारे म्हातारे आपलं तोंड दाखवून पैसे घेतात. मेलेल्या शिपायाची बायको त्यात एकही नव्हती. काऊन? हबीबभाईले विचारलं, तर म्हणले, 'हे बुलढाण्याच्या मोठ्या कचेरीत विचारा.'

म्हणून मोठ्या कचेरीत विचारतो. नवरा गेला का पेन्शनही जाते काय? जात असन, तर पुरीची हाव कोणासाठी? उशीच्या खोळीवरचं तुमच्या खोकल्याचं रक्त मीच धुतो, तुम्ही लपवा किती लपवायचं ते. कारकून हसला तर हसू दे. तुमची वर्दी जनमभर धुतली, एवढं विचारायचा हक्क माहा आहे.

आज साहेबाले 'अजून दोन वर्सं राहतो' म्हणू नका. म्हटलं, तर उद्या ठाण्यात येऊन साऱ्यांसमोर मी 'नाही' म्हणीन.

अंबू