हवा जास्त, पेट्रोल कमी

सायखेडा,
१२ सप्टेंबर २०२५

चि. ललितराव यांस,
खंडेरावाचे अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मला जावयाशी बोलता येत नाही. तुम्ही विचारता बरं आहे का, मी म्हणतो बरं आहे, की संपलं. म्हणून लिहून माझ्या धाकट्या भावाच्या, कोंडाजीच्या, फुलांच्या टेम्पोत पाठवतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

दोन वर्षांपूर्वी चांदोरीच्या वळणावर पडलो, हात मोडला. तो जुळला, पण मोटरसायकलवर बसायचं म्हटलं की अजून तळहाताला घाम फुटतो. गाडी तुम्हाला दिली तेव्हा गुडघे दुखतात म्हणालो होतो. गुडघे ठणठणीत आहेत. मला भीती वाटते. आता फुलबाजार कोंडाजी सांभाळतो आणि मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करतो. हे जगणं मला आवडत नाही.

यंदा दसऱ्याला झेंडूची एक पाटी घेऊन, तुमच्या मागे बसून नाशिकला यायचं ठरवलं आहे. जमलं तर पुढचंही जमेल. नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही, ओटा आहेच. त्या गाडीवर माझा भरवसा आहे. ती आहे तशीच आहे ना?

चि. स्नेहलला आशीर्वाद. माणसांवर आहे तेवढा लोभ गाडीवरही असू द्यावा.

खंडेराव

नाशिक,
१६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामांना,
ललितचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून माझ्याच तळहाताला घाम फुटला. मामा, गाडी आहे तशी नाही. हे वाक्य स्नेहलने समोर बसून लिहून घेतलं, नाहीतर मी पाऊसपाण्यावर दोन पानं भरून थांबलो असतो.

झालं असं की, मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देतो, पण उभ्या जन्मात एकही आवळलेला नाही. तरी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मूळ सायलेन्सर काढून दणदणीत आवाजाचा बसवला. एअर फिल्टरचा डबा काढून तिथे चकचकीत उघडा फिल्टर लावला. जुनं सामान उत्साहाने मोडीत दिलं. आता इंजिनात हवा भसाभसा शिरते आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच येतं, त्यामुळे गाडी बिचारी अर्धपोटी पळते. चढावर खोकते, तापते आणि अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके उडवते. आमच्या कॉलनीतल्या कुत्र्यांनीसुद्धा तिच्यामागे धावणं सोडलं आहे.

मेकॅनिक म्हणाला की मोठा जेट टाका, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक मोठं होईल. पण इंजिनिअर ऐकतो का कुणाचं? मी रोज संध्याकाळी हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा इकडे आणि अर्धा फेरा तिकडे फिरवतो. स्नेहल स्वयंपाकघरातून विचारते, लागला का सूर? दसऱ्यापर्यंत नक्की लागेल, एवढा शब्द देतो.

मामींना नमस्कार. आपली माया आटू देऊ नये.

आपला,
तूर्त तोंड लपवून असलेला
ललित

सायखेडा,
२१ सप्टेंबर २०२५

चि. ललितराव यांस,
अ. उ. आ.

तुम्ही जावई, म्हणून मी काही बोलत नाही. मुलगा असता तर बोललो असतो, आणि ते शेजारच्या मळ्यापर्यंत ऐकू गेलं असतं. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं, पोराची हौस हाय, करू द्या. हौस माझ्याच गाडीवर का, असं विचारलं की त्या भाकरी थापायला बसतात.

पत्र वाचून आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. न येण्याला आयतं निमित्त मिळालं होतं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. बेत कायम आहे. आदल्या दिवशी मुक्कामाला या, गाडीची पूजा इथेच करू.

जावयाबद्दल आदर आहेच, तो टिकेल असं पाहावं.

खंडेराव

नाशिक,
४ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मामांना,
ललितचा सा. न. वि. वि.

मामा, दसऱ्याला मी तुम्हाला फसवलं. गाडी सुधारलीच नव्हती. सायखेड्याला येताना ती वाटेत बंद पडत पडत आली. उशीर झाला तो ट्रॅफिकमुळे नव्हे. सकाळी तुम्ही मागे बसलात तेव्हा मी देवाचं नाव घेऊन किक मारली. आणि ती बया एकदम लोण्यासारखी चालायला लागली! तुम्ही मागून वाहवा करत होतात, जावई कारागीर निघाला म्हणत होतात, आणि मी नांदूर नाक्यापर्यंत ते सगळं मुकाट गिळलं. कोणत्या फेऱ्याने काम फत्ते केलं, तेही मनाशी ठरवून टाकलं.

गणेशवाडीच्या बाजारात तुम्ही व्यापाऱ्यांत रमलात, तेवढ्यात एक गाय येऊन गाडीचा हार खायला लागली. दसऱ्याच्या दिवशी गायीला कोण हाकलणार? मी उलट तिला नमस्कार केला. नंतर किक मारली तर असे बार उडाले की अख्खा बाजार वळून पाहायला लागला. पेट्रोलमध्ये कचरा आहे, असं मी तुम्हाला सांगितलं. खरी गोष्ट फिल्टरला चिकटलेल्या चार पाकळ्यांनी मला सांगितली. मामींनी पूजा करताना तो चकचकीत फिल्टर म्हणजेच गाडीचा देव समजून त्याला दुपदरी हार गुंडाळला होता. त्याने अर्धी हवा अडली आणि आहे ते पेट्रोल पुरलं. म्हणजे ट्यूनिंग मामींनी केलं, तेही हळदकुंकू वाहून, आणि गायीने ते मोडून खाल्लं. सायखेड्याला परतताना तुमचा रुमाल मागितला तो घाम पुसायला नव्हे, फिल्टरला गुंडाळायला.

काल मेकॅनिककडून मोठा जेट बसवून घेतला. गाडी नीट चालते. स्क्रूड्रायव्हर स्नेहलने जप्त केला आहे. पण तुम्ही माझ्या कारागिरीच्या भरवशावर भीती बाजूला ठेवलीत आणि ती कारागिरीच खोटी निघाली, याचं फार वाईट वाटतं. पुन्हा बसाल का, हे विचारायला तोंड नाही.

रागवावं, पण परकं करू नये.

ललित

सायखेडा,
७ ऑक्टोबर २०२५

चि. ललितराव यांस,
अ. उ. आ.

तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं, ही चूक झाली. तुमच्या सासूबाई आता हार घेऊन कोंडाजीच्या टेम्पोच्या मागे लागल्या आहेत.

आता माझं ऐका. मी वाहवा करत होतो ती तुमच्या कारागिरीची नव्हती. बोलायचं थांबलो असतो, तर गाडी थांबवा म्हणून ओरडलो असतो. म्हणून सुचेल ते बोलत होतो. गाडी लोण्यासारखी चालली की दगडासारखी, मला ठाऊक नाही. माझे डोळे मिटलेले होते.

बाजारात बार उडाले तेव्हा वळून पाहिलं, तर माझ्याहून घाबरलेला माणूस गाडीवर बसलेला. बरं वाटलं हो. इतके दिवस समजत होतो की गावात मीच एक भित्रा. येताना डोळे उघडे ठेवले. चांदोरीचं वळण पाहिलं. उगाच मनात मोठं करून ठेवलं होतं.

तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. रविवारी गाडी घेऊन या, एक पाटी बाजारात न्यायची आहे. या खेपेला पुढे मी बसणार. तुम्ही मागे बसा, आणि चांदोरी आली की काहीतरी बोलत राहा.

तुमचा,
खंडेराव