मधली तुकडी

आई, इटलीत तिसऱ्या मिळतात, आपल्यासारख्याच शिंपल्यांतल्या. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि सांगायला बसले तर पहिली हीच गोष्ट आठवली. गेल्या मे महिन्यात मुलाने आम्हाला तिकडे नेलं. मी, सूनबाई आणि दहा वर्षांची नात. नेपल्सच्या पुढे समुद्राला लागून एक गाव आहे. तिथे आपल्या खोलीएवढ्याच एका खानावळीत बसलो आणि समोर तिसऱ्या घातलेल्या लांबच लांब शेवया आल्या. खोबरं नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. नुसतं लसूण, तेल आणि शिंपल्यांचं अंगचं खारट पाणी. मनात म्हटलं, हे काय गो आजाऱ्याचं जेवण! पण घास तोंडात गेला आणि माझी बडबडच थांबली. हेच जेवण समजून मी पुन्हा मागून घेतलं, पोट तुडुंब भरलं, आणि मग म्हाताऱ्या वाढप्याने हसत हसत अख्खा मासा आणून ठेवला. तिकडे सगळं एकदम ताटात पडत नाही, एक संपलं की दुसरं येतं, हे मला कोण सांगणार? त्याने माझ्यासमोर काटा अलगद सोडवला आणि मधली तुकडी आधी माझ्या ताटात ठेवली. का, तर टेबलावर वयाने मोठी मी. मी हात लावेपर्यंत कुणी जेवेना.

लालबागच्या खोलीत मधली तुकडी कुणाच्या ताटात पडणार ते तू ठरवायचीस. गिरणीतून सुटलेले, महिन्याचे पैसे भरून आपल्याकडे जेवणारे वीस-बावीस मेंबर पंगतीला, सगळे आपल्याच कोकणातले. तू स्टोव्हपुढे, मी वाढायला. चौथीतून मला काढलंस ती वाढण्यासाठीच. पुढचं वाचन मी त्या मेंबरांना त्यांची गावची पत्रं वाचून दाखवता दाखवता शिकले. ते उठले की मी उष्टी काढायची, मग आपण दोघी टोपाच्या तळाचं आणि डोकं-शेपटी खायचो. तूही तेच खायचीस, हे विसरलेले नाही. त्या दिवशी सुरमई होती. मी एक तुकडी वाटीखाली झाकून फळीवर ठेवली होती. तू वाटी उचलतेस. पंगत भरलेली आहे. "बघा रे, माझ्या घरात दोन पायांचा मांजर आसा." तुकडी माझ्या हातात देतेस आणि म्हणतेस, "म्याव कर, मगे खा." मला वाटतं थट्टा आहे, म्हणून मी हसते. तू हसत नाहीस. मी म्याव करते आणि सगळी पंगत हसते. एक जण तेवढा म्हणतो, "जाऊदे गे वयनी, पोर आसा ता." तू विचारतेस, "तुझ्या पानातली देतस तिका?" तो मान खाली घालून भात कालवायला लागतो. मी उभ्याने ती तुकडी संपवते, काट्यासकट. पुढे वर्षभर "ए मांजरे, रस्सो हाड" अशी रस्सा मागवणारी हाक यायची आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस.

तर इटलीत. नातीने हात पुढे केला, माझ्या तुकडीचा कोपरा मोडला आणि तोंडात घातला. माझ्याकडे आली की घेते तसाच, हक्काने. मी तिचं मनगट धरलं. "हावरट मेली! आईबापाने उपाशी ठेवलंय काय तुला? ठेव परत."

सून म्हणाली, "आई, अहो लहान आहे ती."

"लहान? हिच्या वयाची असताना मी बावीस जणांचं वाढत होते."

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. पोरीने अर्धा चावलेला घास माझ्या ताटात ठेवला. आणि मी तो खाल्ला, आई. तिच्याकडे बघत बघत खाल्ला. खोटं कशाला बोलू, चव फार सुरेख लागली. पुढचे सहा दिवस आम्ही एकापेक्षा एक जेवलो. भोपळ्याचं सारण भरलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, तव्यावर परतलेली मांदेलीएवढी मासळी, लिंबाचं आइस्क्रीम. माझं जेवून होईपर्यंत नात हात मांडीवर ठेवून बसायची. मुलाने तिला समजावलं, सुनेने समजावलं. मी एकदाही म्हटलं नाही, जेव गो बाय.

आता रविवारी ती भोईवाड्याला माझ्याकडे येते तेव्हा दारातच थांबून, पुढे आत आलेल्या आपल्या आईला विचारते, "आजीचं जेवून झालं का?" झालं म्हटलं की मगच चप्पल काढते. मी आत सगळं ऐकत असते.

तू असं का केलंस ते विचारायला हा कागद घेतला असं तुला वाटत असेल. तसं नाही. कागद नातीसाठी घेतला होता, चुकले म्हणून चार ओळी लिहायच्या होत्या. तिचं नाव लिहिलं, खोडलं आणि तुला लिहायला लागले. तू वाचून माझ्याकडे बघणार नाहीस ना, म्हणून.