साहेबांची बोलणी

बाबा, परवा तुमचे साहेब भेटले. मुलुंडला ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात मला मनाच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं होतं. मी आता घाटकोपरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट आहे ही, म्हणून सांगितलं. भाषण संपल्यावर वडे आणि चहा फिरत होता, तेवढ्यात काठी टेकत एक उंच म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले आणि त्यांनी तुमचं पूर्ण नाव घेतलं. "त्यांची मुलगी ना तू? ओळख करून देताना माहेरचं आडनाव ऐकलं, तेव्हाच वाटलं. ते माझ्या हाताखाली होते, विक्रोळीला." माझ्या हातातला कप तसाच राहिला. सगळं लहानपण ज्या माणसाचा मी द्वेष केला, तो माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या स्वेटरचं वरचं बटण चुकीच्या काजात लागलं होतं.

आमच्या नाहूरच्या घरात साहेब रोज जेवायला असायचे. तुम्ही पाटावर बसता, पहिला घास घेता आणि त्यांचा आवाज काढता, "अक्कल घरी ठेवून येता काय हो?" मी आणि दादा हसून लोळतो. आई हसत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणते, "दुसरीकडे बघा ना नोकरी. रोज काय ते ऐकून घ्यायचं." एकदा मामाने खरंच मालाडला चांगली जागा बघून दिली होती. तुम्ही मुलाखतीला जाऊन आलात, चप्पल काढलीत आणि म्हणालात, "तिथला साहेब फारच मऊ आहे. जमायचं नाही." आम्हाला तो विनोद वाटला. आई मात्र त्या रात्री जेवली नाही.

आणि मग तो दिवस. माझा दहावीचा निकाल लागला होता आणि मी पेढे घेऊन तुमच्या ऑफिसात आले होते. दारातून तुम्ही दिसलात, पण तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही एका फाइलमधून एक कागद काढलात, नीट घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलात, ड्रॉवर बंद केलात आणि ती फाइल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. थोड्याच वेळात काचेपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. एवढा महत्त्वाचा कागद गहाळ होतोच कसा, वगैरे. बाकीचे लोक खाली माना घालून काम करत होते, त्यांना सवय असावी. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मला वाटलं होतं, तुमचा चेहरा पडलेला असेल. तो नुकतीच आंघोळ झालेल्या माणसासारखा दिसत होता. तुम्ही ड्रॉवर उघडलात, कागद फाइलला लावलात आणि मग मला पाहून म्हणालात, "अगं, कधी आलीस? किती टक्के?"

कितीतरी वर्षांनी एम.ए.च्या वर्गात आत्मपीडन हा शब्द आला, तेव्हा मला तो ड्रॉवर आठवला. आता मी स्वतः तो धडा शिकवते. पोरं एकमेकांना कोपर मारून हसतात, कारण त्यांना चाबूक आणि बेडरूम एवढंच ठाऊक असतं. कादंबऱ्यांनीही तेच पुढे केलंय. मी सांगते की याचा एक सोज्वळ, ऑफिसात डबा घेऊन जाणारा प्रकार असतो. त्यातला माणूस स्वतःचा अपमान स्वतः घडवून आणतो, कारण आत कुठेतरी त्याला शिक्षा हवी असते. कधी कधी दुसऱ्यावर उगारायचा हात तो स्वतःकडे वळवतो. हे वाक्य मी फळ्यावरसुद्धा लिहिलंय. शिक्षा कशाची, ते तुमच्या बाबतीत मला कधीच सापडलं नव्हतं.

"घरी काय सांगायचे माझ्याबद्दल?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही काय काय बोलायचात ते. रोज."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी तोंडाळ माणूस नाही गं मुळात. बायकोला विचार. पहिल्यांदा चिडलो तेव्हा चूक खरी होती. पण नंतर बघतो, तर मी शांत असलो की चुका व्हायच्या. एवढा हुशार माणूस आणि चुका पोरकट. दोनदा बढती देऊ केली, नको म्हणाले. शेवटी माझ्या लक्षात आलं आणि मी ठरवलं, आता काहीही होवो, आवाज चढवायचा नाही. आठवडाभर गप्प राहिलो. मग एका संध्याकाळी ते केबिनमध्ये आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. म्हणाले, साहेब, तुम्ही हल्ली काही बोलत नाही."

मागे कुणीतरी खुर्च्या उचलून ठेवत होतं.

"म्हणाले, आमचे वडील ओल्या काठीने मारायचे. रक्त येईस्तोवर. तो हात माझ्यात आलाय. संध्याकाळी घरी गेलो, पोरांनी दंगा केला की हात शिवशिवतो. इथे तुमच्याकडून खाल्लं की तो गप्प बसतो. एवढं करा माझ्यासाठी."

बाबा, तुमच्या पाठीवरचे व्रण आम्ही पाहिले होते. फणसावरून पडलो, असं तुम्ही सांगायचात.

"मी काय करणार होतो?" साहेब म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ओरडलो. मग ओरडतच राहिलो, रिटायर होईपर्यंत. घरी गेल्यावर मला जेवण जायचं नाही. निरोपसमारंभात ते माझ्या पाया पडले तेव्हा लोकांना वाटलं, लाचार माणूस आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी फार वर्षं जवळ ठेवला असणार. "त्यांनी मारलं का कधी तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. दादाने टीव्ही फोडला होता, तेव्हासुद्धा नाही."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," एवढंच म्हणाले. त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मी त्यांना जिन्यापर्यंत हात दिला. तो हात मी धरेन असं कुणी सकाळी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तेव्हापासून मला नीट सुचत नाही. मी या विषयावर परीक्षेचे पेपर काढते, बाबा, आणि माझं अख्खं लहानपण त्यातलं एक उदाहरण होतं. आम्ही जेवताना हसत होतो तेव्हा आमच्या वाट्याचं तुम्ही दिवसभर खाऊन आलेले असायचात. आईला अजून सांगितलेलं नाही. ती आजही साहेबांचा विषय निघाला की पदर खोचून उठते. त्या माणसाने तुमचं आयुष्य खाल्लं, असं ती मानते. तिला काय सांगू? की तुम्हीच त्याच्या हातात दिलंत?

दादा म्हणेल, केवढा मोठा माणूस होता आपला बाप. लोकही तसंच म्हणतील. मलाही तसं वाटायला हवं, आणि वाटतंही, थोडंसं. पण हे पत्र मी लिहून इथेच ठेवणार आहे, त्यामुळे खरं ते लिहिते. मला एखादी चापट चालली असती.