पाटावरचा पाना

विश्रांतवाडी, पुणे
सर्वपित्रीचा आदला दिवस

प्रिय संतोष,

काल स्कूटरचं मागचं चाक काढलं आणि पुन्हा बसवलं. एकट्यानं. अपघातानंतर टेम्पोवाल्यानं ढकलता यावी म्हणून कुठलासा नट लावून चाक अडकवून दिलं होतं, तेव्हापासून तीन वर्षं ती पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. परवा आप्पासाहेबांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली: 'ज्या वाहनांना मालक नसावेत असे वाटते, त्यांच्या मालकांनी ती दसऱ्यापूर्वी हलवावीत.' त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. भंगारवाल्याकडे तरी नीट चालत जावी, म्हणून गोणपाट अंथरलं, खाली विटा लावून स्कूटर एका अंगावर कलंडवली आणि कामाला बसलो. मधला नट आवळायला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे चाक फिरत नाही, आणि दुसऱ्यानं पान्यावर पाइप घालून सगळा जोर लावायचा. ब्रेकवर कायम तूच असायचास. "ओढ दादा, माझा पाय गेला तरी चाक हलत नाही," असं म्हणायचास. काल तुझ्या पायाच्या जागी वीट बांधली. वीट काही बोलली नाही.

रविवारी तुझी भाग्यश्री येऊन गेली, हे तिनं तुला सांगितलं असेल किंवा नसेल. हडपसरहून दोन बस बदलून आली होती. चहासुद्धा तिनं उभ्यानंच घेतला. म्हणाली की शाळेच्या गाड्यांचं बघणारे सर्जेराव स्वतः घरी येऊन गेले, एका बसची जागा तुझ्यासाठी दसऱ्यापर्यंत रिकामी ठेवतो म्हणाले, आणि तू त्यांना दारातूनच हात जोडलेस. "ज्या हातांनी मायला पाडलं, त्या हातांत चाळीस पोरं देता का?" असं तू त्यांना विचारलंस म्हणे. अकरा वर्षं तू ती पिवळी बस चालवलीस. अरुंद गल्लीतून मागे घेताना खिडकीतून मान काढून कुत्र्यालासुद्धा "सरका साहेब" म्हणायचास आणि आतली पोरं खिदळायची. आता तू गोदामाच्या फाटकावर बसतोस, दुसऱ्यांच्या गाड्यांना दार उघडतोस आणि लावतोस. भाग्यश्री सांगत होती, बसमध्ये बसायला जागा असली तरी तू ड्रायव्हरकडे पाठ करून उभा राहतोस.

हे मी तीन वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलंही असतं.

तुला आपली गावची शाळा किती आठवते कोण जाणे, मी सातवीत होतो तेव्हा तू पहिलीत. खंडेनवमीला आपण पाट्या धुऊन पाटावर मांडायचो. एकदा मांडली, की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. एका वर्षी मी गणित अर्धं राहिलं म्हणून पाटावरची पाटी उचलली होती. मास्तरांनी मारलं नाही. मैदानात उन्हात उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले की या मुलाला देवापेक्षा स्वतःची घाई मोठी वाटते. घरी बाबांनीही तेच म्हटलं. तेव्हापासून देवासमोर मांडलेली वस्तू मी कधी उचलली नाही. मला त्याचा अभिमान होता, संतोष. कारखान्यात लोक थट्टा करायचे, तरी होता. भक्ती आणि अभिमान यांत फरक असतो, हे मला पन्नाशीच्या तोंडाशी कळलं, आणि कळून उपयोग नाही अशा वेळी कळलं.

अपघाताच्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी मी चाक काढलं होतं, कारण मागचा ब्रेक लागत नव्हता. ड्रम उतरवला तर आतले लायनर पार संपलेले. नवे सकाळी आणू म्हणून सगळं तसंच ठेवलं. नट, वायसर आणि नट फिरू नये म्हणून त्याच्यात आडवी घालतात ती छोटी पिन, असे सुटे भाग मी वाटीत ठेवतो, तसे ठेवले. सकाळी मी दुकानातून परत येईपर्यंत मायनं घरातली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडली होती. विळी, अडकित्ता, पकड, हातोडी, तो मोठा पाना. वाटीसुद्धा. प्रत्येकावर कुंकवाचं एकेक बोट. तू शाळेच्या आवारात तुझ्या पिवळ्या बसला माळा बांधायला गेला होतास.

नटाशिवाय चाक राहत नाही, म्हणून वाटीतून नट आणि वायसर मी उचलले. एवढं चालतं, अशी मनाची समजूत घातली. पान्याला मात्र हात लावला नाही. माय दारात उभी राहून बघत होती. तिला काय समजायचं ते समजलं असावं. ती म्हणाली, "घे ना बाप्पा तो पाना. देव काय भांडते का?" आणि मी, तिचा देवभोळा मोठा मुलगा, तिलाच रीत शिकवली. शेजाऱ्याची पकड मागून आणली आणि नट जेवढा वळेल तेवढा वळवला. ब्रेकवर पाय धरायला तू नव्हतास. पिन वाटीतच राहिली. दसऱ्याचं सोनं देवाला वाहिलं की पाना उचलायचा, नट आवळायचा, पिन घालायची, तोवर गाडी कोण नेतंय, असा विचार केला. तुला सांगायला हवं होतं. त्या रात्री तू उशिरा आलास, दमला होतास, जेवून झोपलास.

दसऱ्याच्या सकाळी मी पाठाला बसलो होतो. पाठाच्या मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हेही माझंच. मायला झेंडू मंडईतलाच हवा होता. इथे चौकात ढीग लागलेले असतात, पण आपण पुण्यात आल्यावर पहिली चार वर्षं मंडईमागच्या खोलीत काढली, आणि तिला तिथला बाजार म्हणजे आपलं गाव वाटायचं. तू बाहेरून हाक मारलीस, "दादा, स्कूटर नेतो रे, मायला मंडईत नेऊन आणतो." मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. नटाची आठवणही त्याच क्षणी झाली. समोर पाटावर पाना होता, वाटी होती. पाठाचे चार श्लोक उरले होते.

मी "हूं" केलं.

आता कितीही वेळा आठवलं तरी त्या "हूं"चा अर्थ मला लावता येत नाही. थांब असं म्हणायचं होतं की ऐकलं असं, की नुसतं पाठात अडथळा नको म्हणून. तुला तो होकार वाटला, आणि वाटणारच. किक बसली. चार श्लोक संपवून मी बाहेर आलो तेव्हा पायरीशी फक्त तेलाचा डाग होता. मी फोन केला. तू गाडी चालवत होतास, उचलला नाहीस. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही तुझी शिस्त.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुलाच्या अलीकडे मागचं सगळं सैल झालं, तुला आवरलं नाही आणि माय रस्त्यावर पडली. चाक आधी निघालं की पडल्यावर निघालं, हे त्या गर्दीत कुणी बघितलं नाही. टेम्पोवाल्यानं विचारलं होतं, मधला नट कुठाय. मी म्हणालो, आपटल्यावर उडाला असेल. तू शेजारी उभा होतास, शर्टाला रक्त लागलेलं, आणि तूही मान हलवलीस. लोकांचं मग सुरू झालंच. आप्पासाहेब जिन्यात म्हणाले की धाकट्यांना गियरची गाडी आणि अक्कल एकदम मिळत नाही. मी ऐकून खाली मान घालून निघून गेलो. लोकांना ते दुःख वाटलं.

इस्पितळात पाचव्या दिवशी माय थोडी शुद्धीवर आली होती. तू औषधं आणायला खाली गेला होतास. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "संतोषले काही बोलू नको. तो हळूच चालवत होता." एवढंच. सातव्या दिवशी ती गेली. तिचं हे बोलणं मी तुला दिलं नाही. उलट तेराव्याला, सगळे पाहुणे बसलेले असताना, तू माझ्या पाया पडायला वाकलास तेव्हा मी म्हणालो, "जरा सावकाश गेला असतास तर." तू वाकलेलाच राहिलास. महिन्याच्या आत तू हडपसरला खोली घेतलीस आणि शाळेची नोकरी सोडलीस.

त्या दसऱ्याला सोनं वाटलं नाही, म्हणून पाट तसाच राहिला होता. तेराव्यानंतर तुझ्या वहिनीनं, पूर्णिमानं, मला तो उचलायला सांगितला. वाटीत पिन होती, मायच्या बोटाचं कुंकू लागलेली. मी ती कागदात गुंडाळून देवघराच्या खणात ठेवली. पूर्णिमानं विचारलं नाही. बायका विचारत नाहीत तेव्हा त्यांना कळलेलं असतं, असं मला वाटतं, पण तेही विचारायचं धाडस मला झालं नाही. पूजा मी रोज करतो. दिवा लावतो, फूल वाहतो. पण पाठ सोडला. शेवटच्या चार श्लोकांपाशी आलो की बाहेर किक बसल्याचा आवाज येतो. देवानं मला शिक्षा केली असं म्हणावं, तर पडली माय आणि मोडलास तू. मी तर इथे धडधाकट आहे, सोसायटीत लोक मला शांत माणूस म्हणतात.

आता हे पत्र का, ते सांगतो. भाग्यश्रीनं रविवारी कप खाली ठेवला आणि म्हणाली, "दादा, ते दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत. तुम्ही एकदा म्हणा की माफ केलं. मी जाऊन सांगते, मग कदाचित स्टिअरिंग धरतील." पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खरं बोलायला याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नसती. आणि मी म्हणालो, "माफ केलं. सांग त्याला." भाग्यश्री माझ्या पाया पडली. तिच्या हातांचा स्पर्श अजून पावलांवर आहे. ती ते तुझ्यापर्यंत घेऊन आली असेल, तर ते मी मागे घेतो, संतोष. ते द्यायला माझ्याकडे कधी नव्हतंच. तू सावकाश चालवत होतास. मायनं तसं सांगितलं होतं, आणि मला ते तिनं सांगण्याआधीपासून माहीत होतं. तुझ्या हातांनी काही केलेलं नाही. सर्जेरावांना काय कळवायचं ते तू ठरव, पण ठरवताना माझा गुन्हा तुझ्या हातांवर धरू नकोस. उशीर झालाय हे मला दिसतं. तीन वर्षं स्वतःला पापी समजलेला माणूस एका पत्रानं मोकळा होत नाही, आणि हे वाचून तुला आई परत मिळणार नाही, वर भाऊही जाईल. मला उत्तराची आशा नाही, आणि तू दार लावलंस तर मी ते ठोठावणार नाही. काल बसवलेल्या चाकात मी नवी पिन घातली. जुनी या पाकिटात आहे. कुंकू अजून पुरतं गेलेलं नाही, जपून उघड.

तुझाच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
शंभूदादा