माझी अत्यंत स्थिर चाल

३ जून, सकाळ
पार्किंगमध्ये स्कूटर लावताना पडलो. खरं तर स्कूटर पडली, मी फक्त तिला सोबत केली. तरी हर्षालीने चावी काढून घेतली. पोटची पोरगी! अट अशी: फिजिओथेरपी कॉलेजात चालण्याची तपासणी करून घ्यायची, रिपोर्ट चांगला आला तरच चावी परत.

४ जून
कॉलेजात कमरेला सेन्सरचा पट्टा बांधला, तो आठवडाभर घालून फिरायचं. मॅडम म्हणाल्या, एका पावलात आणि पुढच्या पावलात किती फरक पडतो ते हा मोजतो, तुम्ही नेहमीसारखे चाला. नेहमीसारखं का म्हणून? उभी हयात एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात गेली. तिथे फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासवरून जरा हलला की साहेब बोंब मारायचे. फरक म्हणजे बिघाड.
संकल्प: एकही पाऊल वेगळं पडू द्यायचं नाही.

५ जून
जेल रोडला सरळ रेषेत चाललो. वाटेत शेण होतं. चुकवलं नाही. शेजारच्या गोरक्षने हाक मारली, मान वळवली नाही. नंतर तो घरी येऊन प्रतिभाला विचारत होता म्हणे, वहिनी, भाऊंना लकवा मारला का? लोकांना शिस्त कळत नाही.

६ जून
कंबर धरली. लंगडतोय. आकडे बिघडणार.

७ जून, दुपार
तोडगा सापडला. आमची घरघंटी काय एका लयीत चालते! पट्टा तिलाच बांधला आणि बाजरी टाकली. ही लबाडी नव्हे, कॅलिब्रेशन. प्रतिभा म्हणाली, दळण झालं की तुम्हालाही चाळून घेते. दुर्लक्ष केलं.

१० जून
रिपोर्ट. मॅडम म्हणाल्या, धडधाकट माणसाच्या चालीत थोडा फरक असायलाच हवा, पाय रस्ता बघून सावरून घेतो. तुमचा पाय आधी काहीच सावरत नव्हता, आणि नंतर तुम्ही तासभर जागच्या जागी थरथरत होतात. मग त्यांनी पट्टा उलटा केला. पीठ सांडलं.
हर्षालीने रिपोर्टचा फोटो काढून ठेवला. प्रभावित झाली असावी.

११ जून
चावी प्रतिभाला मिळाली. आज बाजारात मी मागे, पिशव्या मांडीवर. फार लागलं मनाला. त्यात ही बाई एकूण एक खड्डा डावा-उजवा करत चुकवते. स्थिरता म्हणून नाही. सांगितलं, सरळ चालव. म्हणाली, मग उतरा आणि सरळ चालत या.
उतरलो. सरळ निघालो. पहिलाच खड्डा गुडघ्यापर्यंत होता.