घर माझ्या एकटीच्या नावावर

ब्योब्लिंगेन, जर्मनी, गुरुवार संध्याकाळ

आम्ही भाड्याने राहतो तो नगरपालिकेचा फ्लॅट आता आम्हालाच विकत मिळतोय. त्यासाठी आज समीर आणि मी बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याचं क्रेडिट रेकॉर्ड खराब आहे. दोघांच्या नावावर कर्ज मिळणार नाही."

मी दचकले. समीर मात्र दचकला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मग तुझ्या एकटीच्या नावावर घे."

"पण खराब कशामुळे?"

"अगं, कॉलेजातलं जुनं काहीतरी. सोड ना."

सोडलं. घरी येऊन कुकर लावला, आणि मग डोक्यात आलं की कॉलेज तर पुण्यातलं. जर्मनीत तो आला लग्नानंतर, आणि इथली बँक बघते ते फक्त इथलं रेकॉर्ड. म्हणजे जे काही झालं, ते या घरात, माझ्याबरोबर राहताना झालं. आणि तो दचकलासुद्धा नाही! त्याला आधीच माहीत होतं का?

जेवताना खुशीत होता. "सोमवारी नोटारकडे खरेदीखतावर सही करून टाक. स्वयंपाकघराला पिवळा रंग देऊ, ओके?"

मी हो म्हणाले. नोटारची सोमवारची वेळ मी जेवणाआधीच रद्द केली होती.